स्मारकावर निजू नये

कोकिळा वारली आणि आमच्या गावाला तिचा अभिमान वाटू लागला. त्याआधीही वाटला असता, पण सवड झाली नव्हती.

कोकिळा हिजडा होती. कोणाकडे मूल झाले की ती आणि तिची जोडीदारीण बानो ढोलकी घेऊन जात, बाळाला मांडीवर घेत आणि आशीर्वाद देत. पार साखरखेर्ड्यापर्यंत त्यांना बोलावणी येत. बाळावरून या दोघींचा हात फिरल्याशिवाय आमच्याकडे बारसे पुरे झाल्यासारखे वाटत नसे. बारसे आटोपल्यावर मात्र त्या पुन्हा नजरेस पडू नयेत, एवढीच आमची माफक अपेक्षा होती.

महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हा बानोला कावीळ झाली. कोकिळाने तिला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात आणले. तिथे दोन वॉर्ड होते, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बानोला तपासले, खाट लागेल असे सांगितले आणि ती कोणत्या वॉर्डातली, हा प्रश्न हेडक्लार्क पंजाबरावांकडे सोपवला.

पंजाबरावांनी चष्मा पुसून विचार केला. "बायाइच्या वॉर्डात ठेवलं त बाया बोंबलतीन. मानसाइच्या वॉर्डात ठेवलं त मानसं चुप राह्यतीन, ते त्याच्याहून वाईट. आन् तिसरा वॉर्ड मंजूर नाई."

"मंग इले आजारी पडाची बी मंजुरी नसन," कोकिळा म्हणाली.

"तसं काई नियमात नाई," पंजाबराव गंभीरपणे म्हणाले. "पडू शकते."

बानोला व्हरांड्यात, फरशीवर जागा देण्यात आली. पौषातली थंडी होती. कोकिळाने आपले पांघरायचे लुगडे तिच्या अंगावर घातले आणि स्वतः कुडकुडत उशाशी बसली. बानो तिथेच गेली. औषध शेवटपर्यंत वेळेवर देण्यात आले, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे.

त्यानंतर कोकिळा दर सोमवारी पंजाबरावांच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसू लागली. "मले वॉर्ड नोको जी. एक खाट द्या. आमच्यातलं कोनी पडलं, त त्याले पाठ टेकाले." यावर तिला समजावण्यात आले, की अशा रुग्णांची निकड आढळत नाही, एकच रुग्ण आढळला होता आणि तोही आता हयात नाही.

तेव्हा कोकिळाने वेगळा मार्ग धरला. देऊळघाटपासून हिवरा आश्रमापर्यंत आपल्या सगळ्या लोकांना भेटून तिने सांगितले, "खाट नाई, त आशीर्वाद नाई." गाव आधी हसले. मग गावात पोरे जन्मली, आणि हसू हळूहळू ओसरले.

पंचायत समितीचे सभापती उत्तमराव यांना नातू झाला. तो दिवसभर रडे. त्यांच्या पत्नी गोजरबाईंनी जाहीर केले, की लेकरावरून कोकिळाचा हात फिरेपर्यंत मी जेवणार नाही. अखेर उत्तमराव जीप गावाबाहेर उभी करून पायी कोकिळाच्या झोपडीत गेले.

"लेकरावर काऊन राग काढून राह्यली वं?" त्यांनी विचारले.

"लेकरावर नाई, सभापतीसाहेब. त्याले आना, मी आत्ता मांडीवर घेतो. पन एक सांगा. मोठा झाल्यावर तो आमच्यासारखा निंगाला, त त्याले कुठी निजवसान?"

उत्तमराव कोणत्याही विषयावर बोलू शकत. त्या दिवशी ते टोपी सावरून पायीच जीपकडे परतले. महिना उलटायच्या आत खाट मंजूर झाली.

खाट लोखंडी होती, गादीसकट. ती कोणत्या वॉर्डात ठेवायची, हा प्रश्न उरलाच होता. म्हणून ती व्हरांड्यात, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला ठेवली. कोकिळाने त्यावर वाद घातला नाही. सभापतींच्या नातवाला तिने मांडीवर घेतले आणि आशीर्वाद दिला. पुढे तिच्या समाजातली कितीतरी माणसे त्या खाटेवर बरी होऊन घरी गेली. शेवटी कोकिळाही त्याच खाटेवर वारली. अंगावर पांघरूण होते.

शोकसभा मोठी झाली. वक्त्यांनी तिला 'रुग्णांची माऊली' म्हटले. ती कोणत्या रुग्णांसाठी भांडली, हे वेळेअभावी सांगता आले नाही. नावाआधी श्री लावावे की श्रीमती, यावर थोडा पेच पडला, पण 'कै.' लावल्यावर तो आपोआप मिटला. पंजाबरावांनी सूचना मांडली, की ही पवित्र खाट स्मारक म्हणून जतन करावी. ठराव एकमताने झाला. गादी काढली, तिथे कोकिळाचा फोटो ठेवला. भोवती कठडा आला, संगमरवरी पाटी आली आणि खाली सूचना आली: स्मारकावर निजू नये.

पुढच्या हिवाळ्यात कोकिळाची चेला, म्हणजे शिष्या, शबाना तापाने फणफणत, खोकत दवाखान्यात आली. तिला पाहून पंजाबरावांचे डोळे पाणावले. कोकिळाच्या मायेचे माणूस म्हणून त्यांनी तिला अगदी स्मारकाला लागून जागा दिली. फरशीवर.

शबानाने कठड्यातून खाटेकडे पाहिले. "खाट त आमचीच हाये ना जी?"

"तुमचीच हाये," पंजाबराव म्हणाले. "म्हनून त कोनालेच निजू देत नाई."

त्याच आठवड्यात कोकिळाची पुण्यतिथी आली, तेव्हा उत्तमरावांनी हार घातला. दोन मिनिटे मौन पाळण्यात आले. तेवढा वेळ खोकू नये, अशी शबानाला विनंती करण्यात आली, आणि तिने ती पाळली. सायंकाळी तिची खोकण्याची गरज संपली.

स्मारक सर्वांना खुले आहे. आपण दर्शनाला आलात, तर चपला बाहेर काढाव्यात. फरशीवर कोणी निजलेले असल्यास ओलांडून जाऊ नये, ते बरे दिसत नाही. वळसा घालून जायला जागा ठेवलेली आहे.