खापरेबाईंचा सातवा रकाना

त्या तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत नियम असा होता की, प्राण्याचं जीवनचक्र शिकवणाऱ्या शिक्षकाने ते मुलांसमोर स्वतः पूर्ण करून दाखवायचं. नियम जुना होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बेडकाच्या धड्यासाठी एका गुरुजींनी गावतळ्यात शेपटीसकट दोन महिने काढले होते. फुलपाखरासाठी शेजारच्या शाळेतल्या एक बाई पंधरा दिवस व्हरांड्याच्या वाशाला कोष करून लटकल्या होत्या आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी वेळेवर बाहेर पडल्या होत्या. कोंबडीचं जीवनचक्र मात्र सेवाज्येष्ठतेनुसार मिळे, कारण त्याचा पहिला भाग एकवीस दिवसांत उरकतो आणि बाकीचा घरी राहून करता येतो.

त्या वर्षी दुसरीच्या पुस्तकात सॅमन माशाचा धडा आला आणि तो तळेकोंडच्या वैजयंती खापरेबाईंच्या वाट्याला गेला. रावस असता तर खाडीतल्या खाडीत भागलं असतं. पण पुस्तकात थंड देशातला सॅमन होता; नदीत जन्मणारा, समुद्रात जाऊन मोठा होणारा आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परतणारा. बाईंनी कुरकुर केली नाही. त्यांची बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि अर्धवट शिकवण्याचा त्यांना मनापासून राग होता.

पंचायत समितीकडून सात रकान्यांचं प्रपत्र आलं. माशाचं एक वर्ष दीड महिन्यात बसवलं होतं, म्हणजे सगळं चक्र शाळेच्या वर्षात मावत होतं. बाईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या रकान्याशी त्या क्षणभर थांबल्या. पण शेवटचा रकाना कसा भरायचा ते शेवटी बघू, अशी शिक्षकांची रीतच असते. आजवर कुठलंही प्रपत्र शेवटी कुणी ना कुणी, कसं ना कसं भरलेलंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सही केली.

जूनमध्ये त्या नदीच्या गोट्यांखाली अंडं होऊन पडून राहिल्या. दुसरीची अकरा मुलं रोज मधल्या सुट्टीत काठावर येऊन वहीत लिहीत, "आज हालचाल नाही." मग त्या बाहेर आल्या, पोटाला बलकाची पिशवी घेऊन. मग अंगावर पट्टे आले. मग पट्टे जाऊन चांदीसारखी चमक आली आणि गणपतींचं विसर्जन झाल्यावर त्या खाडीतून समुद्रात गेल्या. समुद्रातला काळ कर्तव्यावर धरला गेला. पहिलीच्या गुरुजींनी दोन्ही वर्ग सांभाळले.

समुद्रात काय होतं हे बाईंनी पुढे कुणाला फारसं सांगितलं नाही. तिथे घंटा नव्हती आणि "बाई, हा मला मारतो" म्हणणारं कुणी नव्हतं. आराम होता, पण करमत नव्हतं. जानेवारीच्या सुमाराला एके दिवशी त्यांच्या नाकात शेवाळाचा, कपड्यांच्या साबणाचा आणि म्हशींचा वास शिरला. तळेकोंडची नदी. त्या फिरल्या आणि प्रवाहाच्या उलट्या दिशेने पोहत निघाल्या. अन्न सोडलं. अंग लालभडक झालं. गावाने श्रमदानाने बांधलेला बंधारा त्यांनी सहाव्या उडीत ओलांडला, तेव्हा काठावर अकरा मुलं नाचली होती आणि सहाही उड्या त्यांनी नोंदवून ठेवल्या होत्या.

जन्मल्या त्याच गोट्यांत बाईंनी अंडी घातली, काठावर आल्या, पदर पिळला आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला वर्गात हजर झाल्या.

केंद्रप्रमुख बेंडल सर तासाभरात आले. सर सज्जन होते. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ते बोलण्याआधी चष्मा पुसत.

"बाई, अभिनंदन. सहा रकाने म्हणजे काय झालेत! जिल्ह्यात दाखवावेत असे." चष्मा पुसून झाला. "आता सातवा. अंडी घातल्यानंतर मासा मरतो. वेळ कधीची ठेवू? परिपाठानंतर बरं पडेल. मुलं ताजीतवानी असतात."

"मी मरणार नाही," बाई म्हणाल्या.

"शनिवारी सकाळची शाळा असते. शनिवार ठेवू या का?"

"कुठल्याच वारी नाही."

बेंडल सरांना खरंच कळेना. "पण बाई, तुम्ही सही केली आहे. आणि घरच्यांची ना-हरकतही आली आहे."

बाई घरी गेल्या. त्यांचे यजमान दिगंबर खापरे ओटीवर पंखा दुरुस्त करत बसले होते. गावातले सगळे पंखे त्यांच्याकडेच यायचे.

"अहो, ना-हरकतीवर सही केलीत तुम्ही?"

"अगो, साहेब दारात आले. चहा झाला. कागद काढलानी, म्हटलं सरकारी असेल काहीतरी." दिगंबररावांनी पेचकस खाली ठेवला. "काय होता त्यात?"

"माझं मरण होतं."

दिगंबररावांनी खाली ठेवलेला पेचकस पुन्हा उचलला. मग म्हणाले, "परत घेता येते का गो सही?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना त्यांच्यावर धड रागावताही येईना. त्या स्वतःवरच चिडल्या. बावीस वर्षं त्यांनी मुलांना सही करण्याआधी वाचायला शिकवलं होतं, आणि विचार न करता सही करणारी माणसं त्यांच्याच घरात निघाली होती. एक नव्हे, दोन.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. "भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या लाडक्या खापरेबाई." तारीख शनिवारची. बाईंचा फोटो कोपऱ्यात होता आणि शोकाकुल ग्रामस्थांचे चौदा फोटो मधोमध, त्यातले तिघं गॉगल लावलेले. गावाने हे प्रेमानेच केलं होतं. छापखान्याला वेळ लागतो म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, इतकंच.

बाईंनी वर्गातलं स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि फ्लेक्स उतरवला. मागची बाजू कोरी पांढरी होती. ती त्यांनी भिंतीला लावून तिच्यावर सॅमनच्या चक्राचं मोठं चित्र काढलं, कारण शाळेला तक्ता मागूनही मिळाला नव्हता. मग मधल्या सुट्टीत त्या मुलांच्या पंगतीत बसल्या आणि खिचडी वाढायला सांगितली. परतलेला सॅमन काही खात नाही, हे मुलांना पाठ होतं. सगळी हात थांबवून बघत राहिली. बाईंनी पहिली वाटी संपवली, लोणचं मागितलं आणि दुसरी वाटी घेतली.

"बाई, धड्यात असा नाही," अस्मी पड्यार म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी.

"माहितीये. जेव गुपचूप."

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर बाईंनी ती रेटून नेली असती. पण संध्याकाळी अस्मीची आई आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, राग मानू नका. सर सांगत होते, सातवा रकाना कोरा राहिला तर धडा अपुरा आणि वर्गही अपुरा. अकराच्या अकरा पोरांना परत दुसरीत बसवणार." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही मरावं असं नाही हो म्हणत मी. पण पोरीचं वर्ष..."

ती गेल्यावर बाई ओट्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू फुटलं. मरणाचं त्यांना तितकं वाटत नव्हतं. एवढा समुद्र मागे टाकून, सहा उड्या मारून आपण आलो ते वर्गात यायला, आणि सगळ्या गावाला वाटतंय की ही बाई मरायला एवढी पोहली! त्या अकरा जणांना तिसरीत जायलाच हवं होतं. आणि बाईंनाही जगायलाच हवं होतं. यातलं एकही सोडायची त्यांची तयारी नव्हती.

शनिवारी परिपाठाआधी त्यांनी मुलांना सांगितलं, "सर विचारतील. पुस्तकात आहे तेच उत्तर द्यायचं. माझ्याकडे बघायचं नाही. मी काय करायचं ते माझं मी बघेन."

बेंडल सर आले ते हार घेऊनच आले. गाव फाटकाबाहेर उभं होतं. दिगंबररावही होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण काय घालावं ते कुणी सांगितलं नव्हतं. सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पहिल्या मुलाला विचारलं, "अंडी घातल्यानंतर सॅमन मासा काय करतो?"

"मासा मरतो."

दुसऱ्याला विचारलं. "मासा मरतो." तिसरी, चौथी, पाचवा. सगळी बाईंच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत, एका सुरात सांगत होती. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. दहा वेळा त्यांनी ते ऐकलं. दहाव्या वेळी त्यांनी टेबल धरलं.

अकरावी अस्मी. तिने सांगितल्याच्या विरुद्ध सरळ बाईंकडे बघितलं.

"मासा मरतो," ती म्हणाली. "आमच्या बाई मरत नाहीत."

सरांनी थोडा विचार केला. "उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे. अर्धा गुण." मग ते उठले आणि त्यांनी हार उचलला. "छान. मुलांना आलं. आता फक्त आपलं राहिलं, बाई."

"मुलांना आलं ना, सर?"

"आलं. शंकाच नाही."

"मासा मरतो हे अकराही जणांना कळलं?"

"अस्मीला अर्धं. पण अध्ययन-निष्पत्ती साध्य झाली म्हणायला हरकत नाही."

"मग मी कुणाला शिकवायला मरू?"

बेंडल सरांनी हार मनगटाला अडकवून पुन्हा चष्मा पुसला. हा प्रश्न कुठल्याही प्रशिक्षणात आला नव्हता.

"नियम आहे, बाई."

"नियम शिकवण्यासाठी आहे. शिकवून झालं. ज्याला येतं त्याला मी पुन्हा शिकवत नाही. तेवढा माझ्याकडे वेळ नाही, अजून भागाकार व्हायचाय." बाईंचा आवाज आता फाटकाबाहेर जात होता. "मी आले ती हजेरी घ्यायला आले, सर. सोमवारीही येणार आहे. जूनमध्ये यांना तिसरीत मीच बसवणार आहे. ज्याला माझ्या मरणाची घाई आहे, त्याने सॅमनचा धडा स्वतः घ्यावा. नदी तिथे आहे. गोटे धुऊन ठेवलेत."

गावाने एकदा नदीकडे बघितलं. फ्लेक्सवरच्या गॉगलवाल्यांपैकी एक जण मागच्या मागे निघून गेला.

बाईंनी सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, प्रपत्र टेबलावर सपाट केलं आणि सातव्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, "शिकवून झाले. मेले नाही." खाली सही केली. या वेळी दोनदा वाचून. मग म्हणाल्या, "हार आणलाच आहे तर द्या. फुलांचे भाग शिकवायला होईल."

दिगंबरराव फाटकातून आत आले, वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत. "अगो, डबा आणू?" त्यांनी विचारलं.

"आणा. मासे नकोत."

प्रपत्र वर गेलं. आठ दिवसांनी पंचायत समितीचं पत्र आलं. सातव्या रकान्यातील नोंद पाहता संबंधित शिक्षिका हयात असल्याचे दिसून येते, असं त्यात म्हटलं होतं. मुलांना तिसरीत घालण्यास हरकत नव्हती. तथापि जीवनचक्राच्या निरीक्षकांकडून शिक्षिकेच्या हयातीचा दाखला घेऊन तो तातडीने सादर करण्यात यावा. निरीक्षक म्हणून प्रपत्रात सुरुवातीपासून दुसरीच्या मुलांचीच नावं होती. तेव्हा बेंडल सरांनी कोरा कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि बाईंना नियमाप्रमाणे वर्गाबाहेर उभं केलं.

मुलांनी डोकी एकत्र केली. अस्मीने लिहिलं आणि सगळ्यांनी खाली नावं घातली. "आमच्या बाई जीवंत आहेत. आम्ही त्यांना रोज बघतो. त्या दोन वाट्या खिचडी खातात. काल त्या आम्हाला ओरडल्या."

सरांनी कागद बाईंकडे वाचायला दिला. बाईंनी तो दारात उभ्या उभ्या वाचला, लाल पेनाने 'जिवंत'ची वेलांटी सुधारली आणि असला गिचमिड कागद कचेरीत जाता कामा नये म्हणून सगळं पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढायला लावलं. पुन्हा लिहिलेल्या प्रतीत एक ओळ जास्त होती.

"आजही ओरडल्या."

सरांनी तिच्याखाली शिक्का मारला.