विसरवाडीच्या सप्ताहाचं सर्वसुलभ संकेतस्थळ

विद्या मूठभर जाणत्यांच्या ताब्यात राहिली की समाजाची प्रगती खुंटते, हे सर्वमान्य आहे. आमच्या विसरवाडीच्या कीर्तन सप्ताह समितीने यंदा ही कोंडी फोडली.

पूर्वी सप्ताहाचं संकेतस्थळ जगदीश बनवायचा. तो संगणक शिकलेला, त्यामुळे "कीर्तन कुठे? किती वाजता?" असले तांत्रिक प्रश्न विचारून कामाचा खोळंबा करी. यंदा प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्यांसाठी निघालेलं एक साधन मिळालं. बोटाने चौकोन ओढायचा, हवा तिथे सोडायचा, पान तयार. पासवर्ड देवळाच्या फळ्यावर लिहिला. (गुप्तता राहावी म्हणून खाली 'कोणाला सांगू नये' असंही लिहिलं.)

पहिला चौकोन गायत्रीच्या नावाचा, दुसरा वेळ-ठिकाणाचा. खापर गावची ही मुलगी आयुष्यातलं पहिलं कीर्तन करणार होती: बुधवारी, दुपारी चारला, मारुती मंदिरामागच्या मांडवात. तिने अभंग उचलला की माझ्यासारख्याचे डोळे आपोआप मिटतात.

मग लोकशाही सुरू झाली. चुनीलालशेठनी आपल्या नावाचा चौकोन सगळ्यांत वर ठेवला. लगेच रतिलालआप्पांचा फोन.

"शेठ, तुम्हनं नाव वर, मन्हं खाले? सतरंज्या कोन्या शेतस, मन्ह्याच ना?"

"तुम्हले बी बोट शे आप्पा, ओढी ल्या."

आप्पांनी ओढलं. मंडपवाले, चहावाले, चहा प्यायलेले, सगळ्यांनी ओढलं. समितीच्या पाहणीनुसार गावातले नव्वद टक्के लोक आता प्रोग्रॅमर आहेत. (उरलेल्यांच्या फोनची काच फुटलेली आहे.)

शेवटी पानावर जागा उरेना. तेव्हा वेळ आणि ठिकाणाचा चौकोन काढला. त्यात कोणाचंच नाव नसल्याने हरकत घ्यायला कोणी नव्हतं. गायत्रीने फोनवर विनवलं, "काका, माझं नाव नसलं तरी चालेल, वेळ तेवढी राहू द्या." समितीने विनंतीचा पूर्वार्ध तत्काळ मंजूर केला.

बुधवारी मांडवात गायत्री, पेटीवाला, मृदंगवाला आणि मी. बाकी गाव रेंज मिळते म्हणून बसथांब्यावर माना खाली घालून आपापला चौकोन शोधत होतं. कीर्तन कधी, असं कोणी विचारलंच तर "साइटवर शे ना सगळं" असं उत्तर तयार होतं. गायत्रीने रिकाम्या सतरंज्यांना वाकून नमस्कार केला आणि अशी गायली, की टाळ वाजवायचं सोडून मी रडत बसलो. म्हणजे श्रोत्यांमधून तेवढीही साथ गेली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उभी राहणार आहे. वार तोच, वेळ तीच, जागा तीच. तिन्ही मी वर स्वच्छ लिहिलं आहे. पुन्हा वर न बघता सांगा पाहू.

(सतरंज्या कोणाच्या, ते मात्र आपल्याला आठवत असेल.)