कवडी शोधणारे भाऊजी

आमच्या शेजारचे मनोहर भाऊजी सिनेमा तीन ठिकाणी पाहतात. सुरुवातीला दोन मिनिटं, मधे दोन मिनिटं, शेवटी दोन मिनिटं. एवढ्यावर निकाल तयार! खामगावच्या जिनिंगमध्ये उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेला. ढिगात वर, मधे, तळाशी हात घालायचा, मूठभर कापूस काढून धागा ओढून पाहायचा आणि किडक्या बोंडाचा पिवळट कापूस, म्हणजे कवडी, सापडली की तोंड वाकडं करायचं. तेच शास्त्र त्यांनी घरी एकुलत्या एका पोरीवर, गौरीवर चालवलं. कार्टून असो की मालिका, "पह्यले मी पाहीन, मंग तू."

मोठा मोबाईल घरात एकच, तो भाऊजींच्या खिशात. बायकोच्या हाती बटणांचा डबा. स्वतः मात्र ओसरीत खुर्ची टाकून दिवसभर नाचगाणी तपासायचे, तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशी. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पोरीनं पाहू नये ते तुम्हीच किती पाहता?"

"मंग कवडी कोन येचन, वहिनी?" म्हणाले, आणि परत मान खाली. धन्य तो माणूस!

"तुमची तपासनी होईस्तोवर पोरीचं लगन होऊन जाईन," त्यांची बायको आतून ओरडायची. तिला कोण विचारतो!

गौरीच्या दहाव्या वाढदिवसाला भाऊजींनी गल्लीतली सगळी पोरं जमवून स्वतः पास केलेला सिनेमा लावला. तिन्ही ठिकाणी पाहिलेला होता. सुरुवातीला देऊळ, मधे शेत, शेवटी परत देऊळ. उरलेल्या सिनेमात हडळ होती. ती केस सोडून विहिरीतून निघाली तशी पोरं किंचाळत सुटली. माझी धाकटी आठ दिवस एकटी न्हाणीत जाईना. त्याच आठवड्यात एका संताचा सिनेमा मात्र नापास झाला, कारण भाऊजींनी नेमका मधे हात घातला तेव्हा दरबारात नाच चालला होता. "मालात कवडी हाय!" मी कपाळावर हात मारून घेतला आणि भांडायला गेले. तर यांचं आपलं एकच, "मी तिन्ही जागी पाह्यलं होतं ना!"

गौरी पुण्याला शिकायला गेली तेव्हा वाटलं, सुटली बिचारी. कुठली सुटते! तिनं मोबाईल घेतला, स्टेटस टाकू लागली, की इकडून लगेच फोन. "मांगं उभा हाय तो कोन? ओढनी काऊन नाही घेतली?" कधी नुसतंच उत्तर यायचं, कवडी. शेवटी दिवाळीनंतर तिनं बापाला स्टेटस दिसणंच बंद करून टाकलं. मला तिनंच सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस. मनापासून म्हटलं.

परवा दुपारी भाऊजी दारात उभे, हातात पिशवीभर मेथी. आमच्याकडे मेथी कोणी खात नाही, हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. बसले, पाणी प्यायले, पंख्याकडे पाहत राहिले.

"वहिनी, गौरीचं स्टेटस तुमाले दिसते का?"

"दिसतं की."

"मले नाही दिसत. मोबाईल बिघडला वाटते."

टोमणा अगदी ओठांवर आला होता. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळला. मोबाईल पुढे केला. वसतिगृहाच्या गच्चीवर गौरी मैत्रिणींबरोबर नाचत होती. केस खांद्यापर्यंत कापलेले, ओढणीचा पत्ता नाही. झालं, आता निघते कवडी, म्हणून मी सावरून बसले.

अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. भाऊजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, मधे कुठेही बोट न लावता. मग म्हणाले, "अजून एकदा लावता का?"

चारदा लावला.

"बारीक झाली हो," ते म्हणाले. "जेवत असन ना बराबर?"

ते उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"वहिनी, तिले सांगू नका मी पाह्यलं म्हून. नाहीतर तुमालेबी बंद करन."