कानात कापूस घालून घेतलेली गिटार

गिटार विकत घ्यायला जाताना माणसाने सोबत काय न्यावं? तुळशीरामभाऊंनी कापूस नेला. नागपूरच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी खिशातून दोन बोळे काढले, दोन्ही कानांत नीट दाबून बसवले आणि मग दुकानदाराला म्हणाले, "हं, दाखवा आता गिटारी."

मी शेजारीच उभा होतो. धरणीने पोटात घ्यावं असं वाटण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात तसे मोजकेच, पण त्यातले निम्मे तरी या गृहस्थांच्या सोबतीने आलेले आहेत.

तुळशीरामभाऊ हे तुमसरातले आमचे शेजारी. एका राइस मिलमध्ये धान पारखण्याचं त्यांचं काम. पोत्यातून मूठभर धान काढायचं, तळहातावर चोळायचं, हुंगायचं आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. कट् वाजला तर धान वाळलेलं. नाही वाजला तर भाऊ मान हलवतात, "वलं हाये." मग ट्रॅक्टरवाल्याने कितीही गयावया केली तरी उपयोग नसतो. मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र कधीच आलं आहे, पण मालक यंत्राचा आकडा अजून भाऊंना विचारून पक्का करतात. तो कट् आवाज मला कधीच ऐकू आला नाही. तसं बोललो तर भाऊ म्हणाले, "तो कानातून नाई येत, मास्तर. दाढेतून येते."

धानापुरतं हे ठीक होतं. पण भाऊ सगळं जगच दाढेखाली धरून पाहतात. आमच्या शाळेत पाहुण्यांचं भाषण झालं, "वलं हाये." माझ्या धाकट्या साळ्याचं लग्न जुळवायचं निघालं तेव्हाही, "पोरगा चांगला हाये, पन अजून वलं हाये. दोन उनाळे जाऊ द्या." मी मराठीचा मास्तर. पोरगा 'वलं' कसा असेल, तो 'वला' असेल, असं मी त्यांना कितीदा तरी समजावलं. त्यावर त्यांनी माझं व्याकरणही वलं ठरवलं. फारच पसंत पडलं तर मात्र एकच शब्द, "चिन्नोर." आमच्याकडच्या या वासाच्या तांदळाच्या पंक्तीला आजवर फार थोड्या गोष्टी बसल्या आहेत. मी त्यात नाही.

अशा माणसाकडे गिटार कुठून आली? दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिथे एका वर्षी ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या गिटारवाल्याने परत जाताना एक पोतं चिन्नोर नेलं आणि त्याच्या बदल्यात गिटार भाऊंकडे ठेवली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून भाऊंनी सुरांना आपलीच नावं दिली. काही सूर जाड, काही बारीक. रोज संध्याकाळी मिलमधून आले की हातपाय धुवायचे आणि घरापुढच्या छपरीत गिटार घेऊन बसायचं. शेजारी त्यांच्या पत्नी पार्वतीवहिनी सुपात तांदूळ घेऊन बसायच्या, आणि थोड्या वेळाने सूप बाजूला ठेवून गिटारच्या पोटावर तळहात टेकवायच्या. वहिनी माझ्या प्रत्येक विनोदाला हसतात, त्यामुळे त्यांच्या रसिकतेबद्दल मला कधी शंका नव्हती. तो हात आवाज दाबण्यासाठी असावा, अशीच माझी समजूत होती. गल्लीवर त्यांचे केवढे उपकार आहेत, असं मी बायकोला अनेकदा म्हटलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात गिटारची पाठ उभी तडकली. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. पहिले आठ दिवस मी सुखात काढले. मग लक्षात आलं की वहिनी संध्याकाळी बाहेर बसेनाशा झाल्या आहेत, आणि भाऊ छपरीत नुसतेच खांबाला टेकून बसतात. तिकडे मिलमध्ये त्यांनी येईल ते धान परत पाठवायचा सपाटा लावला. शेवटी मालक माझ्याच घरी आले. "मास्तर, तुमच्याजोळ गाडी हाये. भाऊले एक गिटार घेऊन द्या बाप्पा. नाई तं माही मिल बंद पडते."

असे आम्ही नागपूरला पोचलो होतो.

दुकानदाराने पहिली गिटार दिली. भाऊंनी ती मांडीवर घेतली, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि तारा छेडल्या. "वलं हाये." दुसरी, वलं. तिसरी, वलं.

"काका, कापूस काढा ना," दुकानदार म्हणाला, "म्हणजे ऐकू येईल."

"आयकासाठीच तं घातला," भाऊ म्हणाले.

सातव्या गिटारची कड त्यांनी सरळ दाढेत धरली. दुकानदार काउंटरवरून उडी मारूनच आला. पेशाची सवय आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने पेशा विचारला नाही. परदेशी गिटार काचेच्या कपाटातून निघाली, तीही वलं. मी हळूच म्हणालो, "भाऊ, गिटार वली असते." कानात कापूस असल्यामुळे हे वाया गेलं.

दाराजवळ एक साधी तपकिरी गिटार धूळ खात टांगलेली होती. भाऊंनी ती काढायला लावली. हनुवटी टेकवली, तारा छेडल्या, आणि पुन्हा एकदा छेडल्या. मग त्यांनी ती दुकानदाराच्या हातात दिली, त्याला वाजवायला सांगितलं आणि स्वतः त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. गिटारच्या पोटावर तळहात टेकवला. चेहरा असा, जणू दाण्यावर दाढ आवळत आहेत.

"चिन्नोर," ते म्हणाले आणि त्यांनी कानातला कापूस काढला.

परतीच्या वाटेवर मी न राहवून विचारलं, "भाऊ, कापूस काहून घातला होता?"

भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. "पारबतीले आयकू येत नाई, मास्तर. चार वर्स झाले. तिनं कोनाले सांगतलं नाई, मी बी नाई. हात ठेवला की तिले गानं समजते. मी आपल्या कानानं घेतली असती तं माह्यासाठीच झाली असती."

चार वर्षं वहिनी माझ्या ज्या विनोदांना हसल्या, ते एकेक आठवत राहिलो. मला फार वाईट वाटलं, आणि विनोदांसाठी थोडं वेगळं वाईट वाटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. वहिनी छपरीत तांदूळ निवडत होत्या. भाऊ हातपाय धुऊन आले आणि गिटार घेऊन शेजारी बसले. वहिनींनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि तळहात गिटारवर ठेवला. भाऊंनी एक जाड सूर लावला, मग एक बारीक. वहिनी तशाच बसून राहिल्या. भाऊंचं तारांकडे लक्ष नव्हतं, ते वहिनींच्या तोंडाकडे पाहत होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी वाकून गिटारच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. डोळे मिटले. मग गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हणाल्या, "वाळलं हाये."

गिटार वाळलेली असते. पण मी काही बोललो नाही.