हंसाला ओवाळताना

ज्या वर्षी आमच्या सुनेनं, उल्कानं, हात वर करून कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि नात केया कॉलेजात गेली, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. कॅनडातल्या आमच्या गावात, कनाटात, बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आला होता. रोज ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून माझ्या मुलाची, देवेशची, कंबर अशी वाकली होती की तो बाप दिसायचा आणि मी मुलगा!

आधीच सांगून ठेवतो. सोंग या विषयात मला कोणी शिकवू नये! मोखाड्याकडच्या आमच्या गावात बोहाडा व्हायचा. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचायचं. घराघराकडे एकेक सोंग ठरलेलं. आमच्या घराकडे त्राटिका राक्षसीण. आधी बापानं नाचवली, मग मी. मी त्राटिका होऊन आलो की पोरं आयांच्या पदरात शिरायची आणि गावची कुत्री थेट नदीपलीकडे जायची. माझी बायको भागीरथी म्हणायची, "मुखवटा काढल्यावरबी काही लई फरक पडत न्हाई."

तर एका संध्याकाळी केया धाडधाड बेसमेंटमध्ये उतरली. आम्ही म्हातारा-म्हातारी तिथेच राहतो. तिच्या लहानपणीच्या मराठी शाळेचं पुस्तक समोर धरून आम्ही दोघं साठीनंतर अक्षरं शिकलो, तेही तिथेच.

"आजोबा, आय गॉट द गूज!"

"कुणी दिला? आणि शिजवणार कोण?"

"ओ गॉड, आजोबा! आय ॲम द गूज!"

मग उलगडा झाला. इकडे कॉलेजच्या प्रत्येक बास्केटबॉल संघाचं एक सोंग असतं. कोणाचं अस्वल, कोणाचा बैल. मॅचच्या वेळी ते मैदानात येऊन नाचतं, लोकांना हसवतं. केयाच्या कॉलेजचं सोंग म्हणजे एक भला मोठा हंस.

"बाबा, हंस नाही, गूज," उल्का जिन्यातून म्हणाली. "पार्कभर घाण करत फिरतात ना, ते."

मी मात्र हंसच म्हणत राहिलो. सोंगाचा मान ठेवावा लागतो.

केयाला अजून हंस पुरता मिळाला नव्हता. शनिवारची एक मॅच तिला दिली होती. ती नीट पार पडली तर हंसाचं डोकं वर्षभर तिच्याकडे, नाहीतर दुसऱ्या कोणाकडे. नियम कडक होते. आत असताना बोलायचं नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही.

"हे तर आमचेच नियम!" मी ओरडलो. "या लोकांना सांगितले कोणी?"

आठवडाभर मी तिची तालीम घेतली. डोक्याला फडकं बांधायला भागीनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं. वजन मानेवर नाही, कमरेवर घ्यायचं, हे मी दाखवलं. त्राटिकेची चाल शिकवली. दोन पावलं पुढे, एक गिरकी, एक पाय आपटायचा. पत्र्याच्या डब्यावर मी संबळ वाजवायचो आणि केया उशी डोक्यावर बांधून नाचायची. पोरीच्या पायात ताल होता. भागी खुर्चीतून बघायची. तिचं हृदय थकलं होतं आणि थंडीत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शुक्रवारी केयाचा चेहरा पडला. मुखवट्याच्या आतून समोरचं दिसत नाही, म्हणून सोंगाचा हात धरून चालवणारा एक माणूस लागतो. तिची ती मैत्रीण ताप येऊन पडली होती.

"मी आहे की!" मी म्हणालो. "हात धरायला काय लागतं?"

उल्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक गॅसवर ठेवून विसरलेल्या दुधाकडे पाहतात. "बाबा, फक्त हात धरायचा. बाकी काही नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती वर गेली आणि भागीनं मला जवळ बोलावलं. "आवो, पोरीला ओवाळणार कोण?"

हे मी विसरलोच होतो. आमच्याकडे देव असो की राक्षस, घरच्या बाईनं ओवाळल्याशिवाय मुखवटा चढत नाही. माझी त्राटिका दरवर्षी भागीनंच ओवाळली होती.

"न ओवाळता चढवलं तर सोंग नुसतं डोक्यावर बसतं," ती म्हणाली. "अंगात शिरत न्हाई. मला तर जाता येत न्हाई. माझ्या वाटची आरती तुमी करा."

"मी? बाप्यानं ओवाळायचं?"

"राक्षसीण झालात तवा लाजला न्हाईत!"

तिनं छोटं ताट, कुंकवाची डबी, कापूर आणि काडेपेटी माझ्या जाकिटात कोंबली. शनिवारी गाडीत बसताना मी वाजत होतो.

"बा, तुझ्या खिशात काय आहे?" देवेशनं विचारलं.

"हाडं," मी म्हणालो. "थंडीनं वाजतात."

कॉलेजचा हॉल कढईसारखा तापला होता. ढोल, शिट्ट्या, पॉपकॉर्नचा वास! आमचा संघ पुढे होता. कडेला छोटे स्कर्ट घातलेल्या मुली होत्या, चिअरलीडर. एकीच्या खांद्यावर दुसरी, तिच्या तळहातांवर तिसरी! त्या तिसरीनं वर उभं राहून हात फैलावले, हसली आणि खाली उडी मारली. मला काही कळेना. गोकुळाष्टमीला एवढं चढतात, तर वर हंडी तरी असते. इथे वर काहीच नाही!

"या पोरी इतक्या उंच कशाला चढतात?" मी केयाला विचारलं.

"इट्स देअर जॉब, आजोबा. चला ना, हाफटाइमला माझी एंट्री आहे."

सामानाच्या खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. हंसाचं डोकं जमिनीवर पडलं होतं! मुखवटा जमिनीवर! मी ते उचलून चेंडूंच्या टोपलीवर ठेवलं. केयानं अंगाचा पिसांचा पोशाख चढवला.

"आता डोळे मीट. आजीनं सांगितलंय."

"आजोबा, नो. नो ड्रामा, प्लीज."

"एका मिनिटाचं काम!"

आजीचं नाव ऐकून तिनं डोळे मिटले. हंसाचं कपाळ काळंभोर, त्यावर कुंकू दिसेना, म्हणून मी ते पांढऱ्या गालावर लावलं. कापूर पेटवला. एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळलं. तेवढ्यात छताला एक पांढरा गोल डोळा लुकलुकताना दिसला. कॅमेरा! मला बरं वाटलं. घरी भागीला दाखवता येईल. नीट दिसावं म्हणून मी टाचा उंच करून ताट त्या डोळ्यासमोर धरलं.

पुढे काय झालं ते इथे राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, तो कॅमेरा नव्हता, धूर हुंगून बोंबलणारा अलार्म होता.

आधी त्या डोळ्यानं किंकाळी फोडली. मग खोलीनं. मग सगळ्या इमारतीनं! बाहेर शेकडो माणसं उठली. कोणीतरी भोंग्यावरून सगळ्यांना बाहेर जायला सांगत होतं. मी फुंकर घालून आरती विझवणार होतो, पण आरती तोंडानं विझवत नाहीत. ताट तसंच टोपलीच्या कडेला ठेवलं आणि केयाचा हात धरला. तिनं घाईनं डोकं चढवलं. नियम म्हणजे नियम!

बाहेर उणे बावीस. लोकांचे कोट आत खुंटीवर. खेळाडू चड्डीत. चिअरलीडर मुलींचे गुडघे तर जांभळे पडले होते. अग्निशमनाचे दोन बंब आले. आमच्या गावात आग लागली तरी बंब कधी आला नाही, आणि इथे वाटाण्याएवढ्या कापराला दोन!

लोक कुरकुरायला लागले. काही जण गाड्यांकडे निघाले. गर्दीच्या मधोमध हंस खांबासारखा उभा होता. एकटा तोच काय तो उबेत, पण त्याचे खांदे हलत होते. मी ओळखलं. आत माणूस रडत असला तरी मुखवटा हसतच राहतो. मी हे आतून पाहिलेलं आहे.

पोरीची पहिली एंट्री, आणि ती मी जाळली! आता हंस दुसऱ्या कोणाचा होणार. घरी जाऊन भागीला काय सांगू?

मला इंग्रजी येत नाही. माफी मागायची तरी कोणाकोणाची मागू? शेजारी कचऱ्याचा एक मोठा पत्र्याचा पिंप होता. मी हातमोजे काढले आणि त्यावर त्राटिकेचा ताल धरला.

पहिल्यांदा हंस हललाच नाही. मी जोर वाढवला. बोटं बधिर झाली. मग एक पिवळा पाय उचलला गेला. दोन पावलं पुढे, एक गिरकी, पाय आपटला! बर्फ उडाला. कोणीतरी हसलं.

चिअरलीडरची म्होरकी ब्रियाना नावाची मुलगी होती, हंस कोणाला द्यायचा तेही तिच्याच हातात. ओठ निळे, दात वाजतायत. तिनं माझ्याकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं आणि टाळ्या धरल्या. तिच्या पोरी धावल्या. हंसाभोवती फेर धरला. हंसानं पंख पसरून सगळ्यांत बारीक दोघींना आत घेतलं आणि त्यांच्यासकट नाचायला लागला. गाड्यांकडे निघालेले लोक वळले. समोरच्या संघाचे उंच उंच खेळाडूसुद्धा पाय आपटायला लागले.

आणि त्या थंडीत, बर्फात, एक मुलगी पुन्हा वर चढली! तिथून ती अगदी मागच्यांना हाक मारत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर हंडी नव्हतीच. वरून तिला शेवटच्या रांगेतली माणसं दिसत होती, आणि शेवटच्या रांगेला ती. जिंकताना कोणालाही ओरडता येतं. लोक घरी निघाले की त्यांना धरून ठेवायला मात्र असं कोणीतरी लागतं, आणि त्याचे स्वतःचे गुडघे जांभळे पडलेले असले तरी त्यानं हसावं लागतं. गावात त्राटिका नाचवताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला कुत्री पळाली म्हणून खूश!

एवढ्यात बंबाचा साहेब बाहेर आला. हातात आमचं ताट! त्यानं मोठ्यानं विचारलं, हे कोणाचं?

देवेशनं जाकिटाची टोपी नाकापर्यंत ओढली आणि तो एका अनोळखी कुटुंबाच्या मागे जाऊन उभा राहिला. मी हात वर केला. त्याच क्षणी हंसानंही पंख वर केला!

साहेब बुचकळ्यात पडला. त्यानं ताटातलं कुंकू पाहिलं. मग हंसाचा लाल गाल पाहिला. मग माझ्याकडे बोट करून, हंसाकडे बोट करून विचारलं, दोघांपैकी कोण?

"सर," मी म्हणालो, "गूज, नो हँड. आय, टू हँड."

साहेबाच्या मिशीवरचा बर्फ हलला. हसला असावा. तरी त्यानं मला बराच वेळ समजावलं. "फायर" हा शब्द इतक्या वेळा आला की तेवढा एक मला पाठ झाला.

मॅच पुन्हा सुरू झाली. आमचे खेळाडू डीप-फ्रीझरमधल्या मटारसारखे टणक झाले होते. हातातली मॅच हरले! संपल्यावर ब्रियाना सामानाच्या खोलीत आली. केया डोकं काढून बसली होती, भागीचं फडकं घामानं चिंब. मी पुढे झालो. सगळा दोष माझा, हे इंग्रजीत कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

ब्रियानानं टोपलीवरचं डोकं उचललं आणि केयाच्या मांडीवर ठेवलं. "यू नेव्हर स्टॉप्ड. इट्स युअर्स." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ग्रँडपा, टीच अस दॅट बीट. बट नो फायर!"

"नो फायर," मी म्हणालो. माझी इंग्रजीची तयारी तेवढी झाली होती.

हंस आता केयाचा, म्हणून गाल धुवायला डोकं घरी आणायची परवानगी मिळाली. उल्कानं साबण लावला, सोडा लावला, लिंबू लावलं. कुंकू हटेना. ती माझ्याकडे पाठ करून घासतच राहिली.

भागी खुर्चीत वाट पाहत बसली होती. "माझ्या वाटची केलीत का?"

"केली. पण दोनच फेरे झाले. तिसऱ्याला बंब आला."

मी सगळं सांगितलं. पांढऱ्या डोळ्यासमोर ताट धरलं, हे ऐकून ती इतकी हसली की तिला धाप लागली आणि उल्का पाणी घेऊन धावली. पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. मग म्हणाली, "आता राहिलेली मी करते. आणा त्याला."

देवेश स्टुलावर चढला आणि त्यानं बेसमेंटच्या छतावरचा पांढरा डोळा काढून ठेवला. केयानं डोकं चढवलं. भागीला उभं राहता येईना, म्हणून हंस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं चोच खाली केली. तिनं ताट उचललं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "तुमी लांब व्हा, तुमचा भरवसा न्हाई."

ओवाळून झालं. तिनं हंसाच्या लाल गालावरून हात फिरवला. "आता शिरलं," ती म्हणाली.

हंसानं नुसती मान डोलावली. सोंगानं बोलायचं नसतं.

हे लिहून काढा, असं भागीनंच मला सांगितलं होतं. चुका मी काढीन, म्हणाली. निम्मं लिहून तिला वाचून दाखवलं. कुत्र्यांची गोष्ट मी फुगवली आहे, ती नदीपलीकडे कधी गेली नव्हती, असं तिचं म्हणणं पडलं. मी ते तसंच ठेवलं आहे. बाकीचं निम्मं तपासायचं राहिलं. माझी बायको भागीरथी त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, मार्च महिन्यात, होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कनाटातल्या घरी वारली.