आप्पांचा नखांचा दिवा

आमच्या शेजारच्या आप्पांच्या दहा बोटांची नखं दहा रंगांची असतात. माणूस सत्तरीला आलेला, डोक्यावर टोपी, ओठावर भरघोस मिशा. शिरूरच्या बाजारात मेथीची जुडी उचलायला हात पुढं केला की भाजीवाली भाव सांगायचं सोडून हाताकडंच बघत बसते. कुणी विचारलंच, "आप्पा, हे काय?" तर ते शांतपणे सांगतात, "टेस्टिंग चालू हाय."

आप्पा वायरमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली. रिटायर झाल्यापासून एकच खूळ, एका वस्तूनं तीन कामं केली पाहिजेत. "एका कामाला एक वस्तू, ही श्रीमंतांची थेरं," असं म्हणतात. त्यांची काठी टेस्टरही आहे आणि आंबे काढायची आकडीही. त्यांची खुर्ची उलटली की शिडी होते. आमचे व्याही एकदा तिच्यावर बसले आणि बसल्या बसल्याच तिची शिडी झाली. तेव्हापासून व्याही येतात ते उभे राहूनच बोलतात.

त्यांची सून सारिका पुढच्या खोलीत नखांचं दुकान चालवते. नखं वाढवायला बायका दुकानात येतात, हे मला पटायला वर्ष गेलं. ती नखांवर जेल नावाचा चिकट रंग लावते आणि निळ्या उजेडाखाली तो कडक करते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, घासलेल्या नखांची भुकटी नाकात जायची, आणि मधेच वीज गेली की गिऱ्हाईक ओलीच नखं घेऊन तोंड वाकडं करून जायचं. म्हणून आप्पांनी दिवा करायला घेतला.

अडचण एवढीच की आप्पा सुनेशी बोलत नाहीत. भांडण नाही. त्यांच्या घरात सासरा सुनेशी बोलत नाही, ही रीत. बायको होती तोवर निरोप ती न्यायची. ती गेली आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. मी मागितलं नव्हतं. तिघं एका खोलीत असलो तरी आप्पा म्हणायचे, "आक्का, तिला विचारा, उजेड डोळ्यावर येतोय का."

सारिका माझ्याकडं बघून म्हणायची, "आजी, मामांना सांगा, जरा खाली पायजे."

"ऐकलं ना दोघांनी?" मी म्हणायची. "मग मी गवारी निवडू का आता?"

असं वर्षभर खपून आप्पांनी दिवाळीला दिवा टेबलावर बसवला. नखं बघायला पांढरा उजेड, जेल कडक करायला निळा, भुकटी ओढायला पंखा, मान वाकवायला नको म्हणून भिंग, फोन ठेवायला खाच. बाजूला उदबत्तीचं भोकही होतं.

"उदबत्ती कशाला?" मी विचारलं.

"भोक पडलंच व्हतं."

मे महिन्यात मात्र घरातलं हसणं थांबलं. आप्पांचा मुलगा, सारिकाचा नवरा विशाल चाकणला कंपनीत आहे. त्यानं तिथं खोली घेतली आणि सारिकाला सांगितलं, दुकान बंद कर आणि ये. खोली दोघांपुरती. आप्पा इथंच राहणार, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांना कळलं. सारिकाला दुकान सोडायचं नव्हतं. शेवटी ठरलं, गुरुवारी भांडगावची नवरी आपल्या बायका घेऊन येणार आहे. त्यांचं नीट झालं तर लग्नसराईची गिऱ्हाईकं धरून दुकान चालवायचं. नाही तर महिन्याअखेर शटर.

आठवडाभर आधी आप्पांनी दिव्याच्या पोटात बॅटरी बसवली, आणि दहाही नखं पुन्हा रंगवली. डाव्या हाताची चांगली झाली, उजव्याची माकडानं रंगवल्यासारखी.

गुरुवारी बारा वाजता पाचजणी आल्या. संध्याकाळी हळद होती, त्यामुळं नवरीची मावशी दारातूनच घड्याळ बघत होती. मी कोपऱ्यात बसले. सारिकानं नवरीच्या चार बोटांना जेल लावलं आणि वीज गेली.

दिवा विझला नाही. बॅटरीवर चालू राहिला. सारिकानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. नवरीनं हात आत घातला आणि पुढच्या क्षणाला ओरडून बाहेर ओढला.

"भाजलं की."

एरवी निळा उजेड हळूहळू चढायचा. बॅटरीवर तो एकदम पुरा आला होता आणि जेल नखावर तापलं होतं.

"उठ गं," मावशी म्हणाली. "तरी म्हणत व्हते, पुण्याला जाऊ. हिथं नखं गेली तर हळदीला काय दाखवायचं?"

सारिकानं हा खटका दाबला, तो दाबला, बाजूचं एक लाल बटणही दाबलं. तोच मागचा पडदा सरकला आणि आप्पा अनवाणी आत आले. गिऱ्हाईक बायका असताना त्यांनी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"काय झालं, सारिका?"

सारिकानं सवयीनं माझ्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "मामा, बॅटरीवर चटका बसतोय."

आप्पांनी अंगठ्याला जेल फासलं, आत घातला, बाहेर काढला. मग बायकांकडं पाठ केली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "हात घाल पोरी. एक, दोन, तीन. काढ. थंड होऊ दे. आता घाल. एक, दोन, तीन, चार. काढ."

चटका बसला नाही. बोटामागून बोट, माणसामागून माणूस, अडीच तास आप्पा कॅलेंडरला आकडे मोजून दाखवत होते.

"हे कोण?" मावशीनं मला हळूच विचारलं.

"सासरे. दिवा त्यांनीच केलाय."

तिनं त्यांच्या पाठीशी बांधलेल्या हातांकडं बघितलं. "यांचा डावा हात तर नवरीपेक्षा भारी दिसतोय." मग पाचजणी हसल्या. जाताना मावशीनं पुढच्या दोन लग्नांच्या तारखा लिहून दिल्या. शटर अजून उघडं आहे.

त्या गेल्यावर सारिकानं विचारलं, "आजी, हे लाल बटण कशाचं? दाबलं आन् मामा आले."

मला माहीत होतं. दिवाळीतच आप्पांनी निरोप दिला होता, "तिला सांगा, काय लागलं तर लाल दाबायचं. माझ्याकडं बल्ब लागतो." मला हसू आलं होतं. मधे एक पडदा, हाक मारली की ऐकू येतं. मी तो निरोप दिला नाही. विसरले नाही, दिला नाही.

आता मी तो सारिकाला सांगितला आणि पडदा बाजूला करून बघितलं. समोर सेलवरचा बोराएवढा तांबडा बल्ब. त्याच्या समोरच्या भिंतीला स्टूल, आणि स्टुलाच्या वर भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग. दुपारी आप्पा तिथं बसलेले मी रोज बघायची. मला वाटायचं, डुलक्या घेतात. एका वस्तूला तीन कामं लावणाऱ्या माणसानं त्या बटणाला एकच काम दिलं होतं.

संध्याकाळी मी आप्पांना सांगून टाकलं, "तो निरोप मी दिला न्हवता."

ते आपली नखं बघू लागले. "मला वाटत व्हतं," ते म्हणाले, "पोरीला माझ्याकडनं काय नकोच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते घाईघाईनं माझ्या दारात आले. हातात स्क्रूड्रायव्हर.

"आक्का, लाल लागलाय. तिला विचारा, काय बिघडलंय."

"मी गवारी निवडतीय."

थोडं घुटमळून ते गेले. मी मागोमाग जाऊन ओट्यावर थांबले. वीज होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"काय बिघडलं?" आतून आप्पांचा आवाज.

"काय न्हाई, मामा. चहा ठेवतीय. घेणार का?"

मला वाटलं, आता हाक येणार, आक्का, तिला सांगा.

"घेतो," आप्पा म्हणाले.