आम्ही काय परके?

आजारी माणसाला भेटायला जाणे ही आमच्या उंब्रज भागातली फार जुनी आणि शिस्तबद्ध व्यवस्था आहे. तिला कार्यालय नाही, पगारी नोकर नाही, तरी ती एक दिवसही बंद राहिलेली नाही. दवाखान्यात पडलेल्या माणसाला बरं वाटावं हा तिचा हेतू आहे, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बरं करायला डॉक्टर असतात. आपण आलो होतो हे त्याच्या घरच्यांच्या लक्षात राहावं, एवढाच या व्यवस्थेचा मर्यादित आणि स्वच्छ हेतू आहे. सबब, पुढे जे घडलं त्यात गावाचा काडीचाही दोष नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो.

माझा चुलत पुतण्या यशराज फौजेत नाईक आहे. ऊसतोड ऐन भरात असताना तो रजेवर आला, तो आपल्या चार महिन्यांच्या लेकीला, शिवांजलीला बघायला. पोरीचं आधी नाक वाहत होतं. मग दूध पिताना ती मध्येच थांबून धापा टाकू लागली. मग दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. यशराज आणि त्याची बायको क्रांती यांनी पोरीला शालीत गुंडाळलं आणि गाडीत घालून थेट कराडच्या मुलांच्या दवाखान्यात नेलं. गावात कुणाला सांगितलं नाही. चूक इथंच झाली.

हायवेच्या कडेला भाजी निवडत उभ्या असलेल्या चंद्राबाईनं ती गाडी पाहिली. क्रांतीची वेणी अर्धी घातलेली होती, एवढ्यावरून तिनं निदान केलं. दवाखान्यात केसपेपर निघायच्या आत गावात बातमी पोहोचली होती.

डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि दोघांना बाजूला घेतलं. "छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात. मोठ्या माणसाला ज्यानं साधी सर्दी होते, तेच एवढ्या बाळाला झेपत नाही. यावर खास औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, नळीनं दूध द्यायचं आणि वाट बघायची. पण आता वरून दुसरा संसर्ग झाला, तर मशीनवर ठेवावं लागेल. म्हणून खोकणारं, शिंकणारं कुणी आत नको. अगदी जवळच्या दोघांशिवाय कुणीच नको."

"जी मॅडम," यशराज ताठ उभा राहून म्हणाला.

बाई वाईच्या. हुशार. पण अगदी जवळच्यांना परवानगी देऊन आपण केवढा दरवाजा उघडा टाकला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. उंब्रजमध्ये लांबचं कुणी राहतच नाही.

पहिली आली चंद्राबाई. तिला दिवाळीपासून खोकला आहे. दोन आखूड ठसके आणि शेवटी कुकरसारखी एक लांब शिट्टी. ती गावात कुठं आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. यशराज दारात आडवा हात लावून उभा राहिला.

"काकी, आत नगं. डॉक्टरनी सांगितलंय."

"आरं, मला ठावं हाय. मी तेच सांगाय आलीया. अजाबात कुणाला आत सोडू नगंस," असं म्हणून चंद्राबाई त्याच्या हाताखालून आत गेली.

दवाखान्याचा नियम एका रुग्णाला एक पास, असा होता. नियम कडक होता आणि आम्ही तो काटेकोर पाळला. आत गेलेला माणूस वरच्या गॅलरीत यायचा, पास रुमालात गुंडाळून खाली टाकायचा आणि पुढचा माणूस तोच पास दाखवून वर जायचा. गेटवरचा अर्जुना शिट्टी वाजवून म्हणायचा, "पास हाय ना? मग जावा." त्याची मेहुणी आमच्या गावात दिलेली आहे. त्यामुळे त्यानं कर्तव्यात कसूर करणं शक्यच नव्हतं. उलट त्यानं रुमाल झेलूनही दिला.

आमच्यातला कुणी रिकाम्या हातानं गेला नाही. शहाळी, सफरचंदं, बिस्किटाचे पुडे. पोरीला दात नव्हते आणि नाकात नळी होती, हे खरं. पण वस्तू वाया गेल्या असं कुणी म्हणू नये. आम्ही बाकावर बसून त्या संपवल्या.

मग माजी सरपंच नानासो आले. बरोबर चार कार्यकर्ते. वॉर्डाच्या दारात उभं राहून ते सगळ्यांना ओरडले, "आरं, काय ही गर्दी! बारकं लेकरू हाय. काय डोकं हाय का न्हाई तुमाला? व्हा बाजूला!" लोक बाजूला झाले आणि नानासोंसकट पाची जण आत गेले.

"नानासो, डॉक्टर म्हणत्यात..." यशराजनं सुरुवात केली.

"बाहेरच्यांसाठी म्हणत्यात गड्या. मी काय परका हाय व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर फौजेत शिकवत नाहीत. नानासोंनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला, फोटोसाठी थोडा वेळ तसाच ठेवला आणि "लवकर बऱ्या व्हा ताईसाहेब" असं स्टेटस जिना उतरेपर्यंत लावलंसुद्धा.

नर्सनं सगळ्यांना मास्क वाटले. ते आम्ही आदरानं घेतले. पण वडीलधाऱ्यांशी तोंड झाकून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून बोलताना खाली करायचो. शिंक आली तरी खाली करायचो, कारण मास्क खराब होतो.

मीही आत गेलो होतो. क्रांती पोरीच्या पायाशी बसली होती.

"तात्या, हळू बोला," ती म्हणाली. "तिला दम लागतुया."

मी आवाज खाली आणला आणि तोंड जवळ नेऊन सगळी चौकशी केली. ती माझ्याकडं बघतच नव्हती. पोरीच्या बरगड्यांखालचा खळगा आत जायचा तशी तिची मूठ आवळायची, बाहेर यायचा तशी सुटायची. एवढी माणसं आली, पण तिनं एकालाही चहाचं विचारलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं.

त्या संध्याकाळी पोरीचा ऑक्सिजन वाढवावा लागला. डॉक्टरीणबाई यशराजला म्हणाल्या, "अजून थोडी खालावली तर मशीन. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही. तुम्ही सैनिक ना? एक दार सांभाळता येत नाही?"

यशराजनं आईला, म्हणजे बनुबाईला, विनवून पाहिलं. "आये, तू सांग की गावाला. तुझं ऐकत्याल."

बनुबाई उसळली. "का सांगू? समद्या गावाच्या दवाखान्याला गेलीया मी. नानासोच्या मूळव्याधीला बी दोनदा जाऊन आलीया! आन माझ्या नातीच्या येळंला कुणी याचं न्हाई व्हय? मी काय तोंड दावू?"

तेव्हा यशराजनं ते पाऊल उचललं, ज्याबद्दल गाव त्याला अजून माफ करू शकलेलं नाही. तो खोटं बोलला. आईलासुद्धा. त्यानं जाहीर केलं, "पोरीला सांगलीला हलवलंय."

सांगलीला! म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणजे आता तर जायलाच हवं. चालू तोड थांबवून आम्ही टेम्पो केला. मागं सतरंजी अंथरली. चंद्राबाईला खोकल्याचा त्रास होतो म्हणून पुढची सीट दिली. यशराजनं दवाखान्याचं नाव सांगितलं नव्हतं आणि फोनही बंद ठेवला होता, तरी कुणी डगमगलं नाही. सांगलीत जेवढे मुलांचे दवाखाने दिसले, तेवढ्यांत शिरून विचारलं. शेवटी एका ठिकाणी ऑक्सिजन लावलेलं, तेवढंच, तसंच बाळ सापडलं. शेजारी त्याची आजी बसली होती, सुलाबाई.

"कोण वो तुमी?" तिनं विचारलं.

"आमी उंब्रजची. बाळाला बघाय आलोय."

"आवं, आमी आटपाडीची. ह्यो माझा नातू हाय. तुमचं बाळ न्हवं ह्ये."

एवढ्या लांब आलेला टेम्पो तसाच परत नेणं व्यवस्थेच्या नियमात बसत नव्हतं. "असू दे की मावशी," नानासो म्हणाले. "बाळ ते बाळ. आमी काय परकं हाय व्हय?"

सुलाबाईचे डोळे भरून आले. आटपाडी लांब. तिच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं, आणि डॉक्टर तर उद्या घरी सोडतो म्हणत होते. म्हणजे आम्ही अगदी वेळेवर पोहोचलो. सगळे आळीपाळीनं आत गेलो. चंद्राबाईनं बाळाची दृष्ट काढली, दोन ठसके आणि एक शिट्टी धरून. नानासोंनी कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या बाळाला घरी सोडलं नाही, असं नंतर कळलं. सांगलीची हवा नदीकाठची, दमट. मानवली नसेल.

इकडं कराडला वॉर्डात फक्त दोन माणसं उरली होती. आई आणि बाप. गॅलरीतून रुमाल पडत नव्हता. शिवांजलीचा ऑक्सिजन हळूहळू कमी झाला, मग नळी निघाली आणि एका सकाळी तिनं न थांबता पोटभर दूध ओढलं. बाप भिंतीकडं तोंड करून उभा राहिला म्हणे. आमच्या भेटीचा गुण थोडा उशिरा आला, इतकंच.

पोरगी घरी आली. महिनाभर कुणी नको, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं. यशराजनं फाटकाला आतून कडी घातली आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसला. आम्हीही समोर कट्ट्यावर बसलो. कडी कधीतरी निघतेच.

एवढ्यात हायवेवरून एक टेम्पो गावात वळला. सतरंजी, शहाळी, पुढच्या सीटवर सुलाबाई. उंब्रजात नानासोंचं घर विचारून तिथून इथवर यायला कितीसा वेळ लागतो! तिच्या मागं अख्खी भावकी उतरली.

"तुमी गेल्यावर नातवाला परत आत ठिवलं वो," सुलाबाई म्हणाली. "आता बरा हाय. पर तुमी वळख ना पाळख, येवढ्या लांबनं आला. मग आमी तुमच्या बाळाला बघाय याचं न्हाई व्हय?"

असं म्हणून ती खोकली. दोन आखूड ठसके आणि शेवटी लांब शिट्टी.

कट्ट्यावर चंद्राबाईनं झटकन मान वर केली. आपण दिलेला आहेर परत आला की बाई तो लांबूनही ओळखते.

यशराज उठला. त्यानं आटपाडीचा टेम्पो पाहिला, आमचा कट्टा पाहिला. त्याची रजा संपत आली होती. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर कुणी असणार नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, पोरगी हितं न्हाई. हवापालटाला ठिवलीया."

"कुठं रं?" दोन्ही गावं एकदम म्हणाली.

आतून पोरगी किंचाळली. चांगली, भरल्या छातीनं.

"टीव्ही हाय," यशराज म्हणाला. टीव्हीवर हल्ली सगळं खरंच वाटतं. "वळखीच्यांच्यात ठिवलीया. लय शांत माणसं. वाचत बसत्यात. घरात कुणी खोकत सुदीक न्हाई."

मग त्यानं पत्ता सांगितला. सावकाश, वळणावळणानं, दारातल्या पायपुसण्याच्या रंगापर्यंत. आम्ही सगळ्यांनी तो पाठ केला. वाचत बसणारी शांत माणसं म्हटल्यावर एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. तो पत्ता तुमचा आहे.

आता तुम्ही घाईनं दाराची कडी चाचपायला उठाल. जरा बसा. परवा भाचीच्या बाळाला बघायला तुम्ही दवाखान्यात गेला होतात, नाक पुसत, फक्त दोन मिनिटं म्हणत. गेटवर शिपायानं अडवलं, तेव्हा त्याला काय म्हणालात ते आठवा. आम्ही तेच म्हणणार आहोत.

दोन्ही टेम्पो निघाले आहेत. बेल वाजवायची गरज पडणार नाही. चंद्राबाई आणि सुलाबाई दोघी पुढच्या सीटवर आहेत. आम्ही कोपऱ्यावर आलो की तुम्हाला ऐकू येईल.